हवा आधी, बाटली शेवटी

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर आलेल्या पत्रांत पंक्चरच्या पेटीबद्दलचे प्रश्न सगळ्यांत जास्त होते, म्हणून या वेळी तेवढाच विषय घेतलाय. ब्रेक, बॅटरी आणि विम्याची पत्रं बाजूला काढून ठेवली आहेत, ती पुढच्या अंकात.

ताई, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. नवीन गाडी घेतली, घरी आणल्यावर डिकीतला गालिचा उचलला तर खाली स्टेपनीच नाही! एक बाटली आणि छोटा पंप ठेवलाय. शोरूमवाले म्हणतात, आता असंच येतं. दिवाळीत आई-वडील आणि मुलांना घेऊन हंपीला जायचंय. ऑनलाइन बघितलं तर पंक्चर किट तीनशे रुपयांपासून पाच हजारांपर्यंत दिसतात. मित्र म्हणतो, ‘काय होत नाय बे, रस्ता चांगलाय.’ नक्की काय घेऊ?
– एक वाचक, जुळे सोलापूर

आधी तुमची शंका फेडते. शोरूमवाल्यांनी फसवलेलं नाही. केंद्र सरकारने 2020 मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला आणि त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून तो लागू झाला. टायर ट्यूबलेस असतील, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा गाडीत असेल आणि दुरुस्तीची पेटी दिलेली असेल, तर साध्या प्रवासी गाडीला स्टेपनी बंधनकारक नाही. कंपनीला डिकीत जागा मिळते, वजन वाचतं. तुमची मात्र जबाबदारी वाढते, आणि ती कोणी शोरूममध्ये समजावून सांगत नाही.

आता पेटीचं. विजापूर रोडवर सासऱ्यांनी आमचं टायरचं दुकान टाकलं तेव्हा सगळे टायर ट्यूबचे होते. ट्यूब फुटली की गाडी जागेवर बसायची. ट्यूबलेस टायरचं तसं नसतं. खिळा घुसला तरी रबर त्याला धरून ठेवतं आणि हवा हळूहळू जाते, कधी रात्रभरात, कधी दोन-तीन दिवसांनी. दुकानात येणाऱ्या बहुतेक गाड्या स्वतःच्या चाकावर चालत येतात, ते यामुळेच. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: पहिला पैसा हवा भरायच्या पंपावर, दुसरा भोकात भरायच्या रबरी दोरीच्या साध्या किटवर, आणि भोक बुजवणाऱ्या द्रवाच्या बाटलीवर सगळ्यांत शेवटी. लोक बरोबर उलटं करतात. बाटली सोपी वाटते ना.

खिळा दिसला की उपटायची घाई करू नका. त्या भोकाचं बूच तोच आहे. हवा भरा, दहा मिनिटं थांबून पुन्हा मोजा. दोन-चार पीएसआयच (हवेचा दाब मोजायचं माप) उतरली असेल तर खिळा तसाच ठेवून सावकाश पुढच्या गावातलं दुकान गाठा. हंपीच्या रस्त्याला विजापूर, हुनगुंद, कुष्टगी, होस्पेट अशी मोठी ठिकाणं लागतात, हायवेला टायरवाले मिळतात. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळा तुमचं काम नुसत्या हवेवर भागतं.

पंप घेताना तीन गोष्टी बघा. वायर किती लांब आहे ती दुकानातच उलगडून बघा. सिगरेट लायटरच्या सॉकेटपासून मागच्या चाकापर्यंत, दारातून वळसा घेऊन पोहोचली पाहिजे. पाच-सव्वापाच मीटर मिळाली तर उत्तम, कमी असेल तर हवेची नळी तेवढी लांब हवी. दुसरं, नळीचं तोंड आट्यांचं की खटक्याचं. आट्यांचं तोंड काढता काढता थोडी हवा जाते, पण ते घट्ट बसतं. खटक्याचं पटकन लागतं, पण स्वस्त पंपात ते लवकर सैल होतं. तिसरं म्हणजे ताकद. गाडीतल्या त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा 10 किंवा 15 अँपिअरचा असतो. 12 व्होल्टला 15 अँपिअर म्हणजे 180 वॅट. त्याहून दांडगा पंप सॉकेटला लावला तर टायर भरायच्या आधी फ्यूज उडेल. जास्त ताकदीचे पंप थेट बॅटरीला चिमटे लावून चालवतात, ते जीपवाल्यांना ठीक. तुम्हाला साधा पंप पुरे. इंजिन चालू ठेवून, मोकळ्या हवेत भरा. सलग दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका, मोटर तापते. ठरलेल्या आकड्यावर आपोआप बंद होणारा मिळाला तर घ्या, मात्र त्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको. कुठल्याही चांगल्या टायरच्या दुकानात जाऊन एकदा त्यांच्या मीटरशी ताडून बघा. दोन-तीन पीएसआयचा फरक निघाला तर तो कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पंपालाच चिकटवा.

बॅटरीवर चालणारे, हातात मावणारे पंपही आता मिळतात. वापरायला छान आहेत. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आत 60 च्या पुढे जातो. लिथियमची बॅटरी अशा भट्टीत महिनोन् महिने ठेवायची वस्तू नाही. तो पंप घ्यायचा तर मोबाइलसारखा घरात न्यायचा आणि निघताना चार्ज करून गाडीत टाकायचा. हे जमत नसेल तर वायरवालाच बरा.

दोरीच्या किटमध्ये एक कानशीसारखा खरखरीत दाभण, म्हणजे रिमर, एक नेढं असलेली सुई, काळपट-तपकिरी चिकट दोऱ्या आणि सोल्यूशनची ट्यूब असते. इथे पैसे वाचवायचे तर दोऱ्यांच्या संख्येत वाचवा, मुठीत नको. टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे असतात, त्यातून सुई घालायला अंगातला सगळा जोर लागतो. प्लॅस्टिकची पिस्तुलासारखी मूठ त्या जोराला मोडते आणि हातात सुई घुसते. इंग्रजी टी अक्षरासारखी आडवी लोखंडी मूठच घ्या. सोबत एक पक्कड, एक धारदार कटर, खडू, रबरी हातमोजे आणि साबणाचं पाणी भरलेली छोटी बाटली. साबणाच्या पाण्याशिवाय बारीक भोक सापडत नाही, आणि ते कुठल्याच किटमध्ये देत नाहीत.

करायचं असं: हवा भरून साबणपाणी टाका, बुडबुडे येतील तिथे खडूने खूण करा. दोरी सुईत ओवून, सोल्यूशन लावून तयार झाल्यावरच खिळा काढा आणि तो कुठल्या कोनात होता ते बघून ठेवा. रिमर त्याच कोनात घालून चार-पाच वेळा आत-बाहेर करा. मग सुई दाबा, दोरीची टोकं बोटाच्या पेरभर बाहेर राहिली की थांबा. सुई सरळ आणि झटक्यात ओढा, पिळू नका. बाहेरची टोकं टायरच्या नक्षीच्या पातळीला कापा, हवा भरा, पुन्हा साबणपाणी टाका. जुना टायर आमच्यासारख्या कुठल्याही दुकानात मागितला तर देतील, त्यावर सुट्टीच्या आधी एकदा करून बघा.

हे सगळं फक्त टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागासाठी, आणि भोक साधारण 6 मिलिमीटरपर्यंत असेल तरच. खांद्यावर किंवा बाजूच्या भिंतीला चीर असेल तर दोरी नाही, बाटली नाही, काहीच नाही. स्टेपनी नसलेल्या गाडीला त्या वेळी टोइंग हाच उपाय. म्हणून कंपनीच्या रस्त्यावरील मदतीचा नंबर आणि त्याची मुदत आजच तपासा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 हा नंबर आहेच. आणि तुमच्या गाडीच्या डिकीत स्टेपनी बसण्यापुरता खळगा ठेवलेला असेल, तर मी तुमच्या जागी असते तर चाक विकत घेऊन टाकलं असतं. आई-वडील आणि मुलं सोबत असताना तीनशेच्या वर किलोमीटर परराज्यात जाताना ते पैसे मला जड वाटले नसते. जॅक आणि पानाही वेगळे घ्यावे लागतील, कारण स्टेपनी नसलेल्या गाडीत ते बहुधा देत नाहीत.

बाटलीचं राहिलं. तिच्यावर मुदतीची तारीख असते, ती वाचा. कित्येकांना माहीतच नसतं. काही बाटल्यांत द्रव भरायच्या आधी व्हॉल्व्हची आतली पिन काढावी लागते, त्याची चिमुकली किल्ली सोबत आहे का बघा. द्रव टाकून हवा भरल्यावर लगेच काही किलोमीटर सावकाश चालवा, म्हणजे तो आत पसरतो, मग पुन्हा हवा मोजा. त्यानंतर 80 च्या वर वेग नको, आणि थेट दुकानात. तिथल्या माणसाला आधीच सांगा की आत द्रव आहे. न सांगता टायर उघडायला दिला की तो चिकट लोट अंगावर येतो, आणि मग आमच्या पोरांच्या तोंडून जे निघतं ते छापण्यासारखं नसतं.

तुमच्या मित्राला एवढंच सांगा की रस्ता चांगला आहे, पण दिवाळीच्या आसपास कारखान्यांचं गाळप सुरू होतं. उसाच्या बैलगाड्या रस्त्याला लागल्या की बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्रीचे खिळे गळून पडतात. त्या दिवसांत टायरमधून काढलेल्या खिळ्यांच्या आमच्या डब्यात सर्वांत जास्त तेच जमतात.

टायरमध्ये आधीच जेल भरून ठेवलं तर पंक्चर होतच नाही म्हणतात. भरावं का?
– एक ज्येष्ठ वाचक, अक्कलकोट

पंक्चर होतंच, फक्त तुम्हाला कळत नाही. खिळे आत राहतात आणि तुम्ही गाडी पळवत राहता. गावातल्या गावात फिरणाऱ्या स्कूटरला हरकत नाही. मोटारीत भरू नका: चाकाचा तोल बिघडतो, हवा दाखवणारा सेन्सर त्यात बरबटतो.

मी दर आठवड्याला मोहोळहून पुण्याला एकटी गाडी चालवत जाते, परतायला बरेचदा रात्र होते. स्टेपनी आहे, पण चाकाचे नट माझ्याने सुटत नाहीत. घरचे म्हणतात, रस्त्यात कोणीतरी मदत करतं. मला त्यावर विसंबायचं नाही. माझ्यासाठी पेटी कशी असावी?
– एक वाचक, मोहोळ

नट सुटत नाहीत यात तुमच्या ताकदीचा दोष कमी आणि आमच्या धंद्याचा जास्त. दुकानात हवेच्या गनने नट आवळतात, ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त घट्ट बसतात. पुढच्या वेळी चाक काढलंत की सांगा, शेवटचा पीळ हाताच्या पान्याने द्या. चांगला कारागीर यावर नाराज होत नाही. मग घरी अंगणात गाडी जमिनीवर असतानाच एक नट सोडवून बघा. गाडीसोबत येणारा पाना आखूड असतो. फुलीच्या आकाराचा, किंवा दांडा लांब होणारा पाना घ्या. दांडा जितका लांब तितका जोर कमी लागतो. दांडा आडवा येईल असा पाना लावा, नट उघडायच्या दिशेला आणि वरून खाली अंगाचं वजन टाका. नट नेहमी जॅक लावण्याआधी सैल करायचे, नंतर चाकच फिरतं. तुमच्या गाडीला चोरीपासून वाचवणारा एखादा वेगळा नट बसवलेला असेल तर त्याची किल्ली पेटीतच ठेवा. ती घरी राहिली तर पाना सोन्याचा असला तरी उपयोग नाही.

एक फूटभर लांब-रुंद, इंचभर जाड फळी डिकीत हवी. आपल्या जिल्ह्यात रस्त्याच्या कडेला काळी माती. पाऊस पडून गेलेला असेल तर जॅक त्यात रुतत जातो आणि गाडी आहे तिथेच. सुताराकडून उरलेला तुकडा आणा.

पण तुमच्यासाठी पेटीतली मुख्य वस्तू वेगळीच आहे: व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे हवेचे सेन्सर. गाडीत ही सोय आधीच नसेल तर बाहेरून बसवता येते, चार टोप्या आणि काचेजवळ ठेवायचा छोटा पडदा. टायर 33 वरून 28 वर आला की आवाज होतो. म्हणजे अंधारात, बसलेल्या चाकावर तुम्ही उभ्या राहणार नाही. हवा कमी व्हायला लागली आहे हे टेंभुर्णीला कळलं तर इंदापूरच्या अलीकडे सरडेवाडीचा टोलनाका आहे, पुढे पाटसला आहे. येताना मोडनिंबजवळ वरवडे. टोलवर दिवे असतात, माणसं असतात, कॅमेरे असतात. तिथे बाजूला घ्या, पंप लावा, हवा भरा, पुढच्या टोलला पुन्हा भरा. पंपाचं म्हणाल तर वर जुळे सोलापूरच्या वाचकांना सांगितलेलंच लागू. तुमच्यासाठी दोरीचं किट दुय्यम, ठेवा जरूर, पण रात्री एकटीने वापरायला म्हणून नको.

आणि टायर एकदम बसलाच तर? अंधारी, निर्जन जागा असेल तर थांबू नका. पार्किंगचे चारही दिवे लावा, डाव्या कडेने, माणूस चालेल तेवढ्या वेगाने पुढचा ढाबा किंवा पेट्रोल पंप गाठा. टायर चिरडेल, रिमलाही कदाचित मार लागेल. लागू दे. त्या टायरचे पैसे कोणी मागितले तर माझं नाव सांगा. थांबायलाच लागलं तर उजव्या बाजूचं चाक असेल तेव्हा विशेष सांभाळा, कारण तुमची पाठ वाहत्या रस्त्याकडे असते. मागे बऱ्याच अंतरावर, निदान पन्नास-साठ पावलांवर, लाल त्रिकोण ठेवा. चमकणारं जाकीट अंगात घाला, ते दोनशे-अडीचशेला मिळतं. हेडलॅम्प, म्हणजे डोक्याला बांधायचा दिवा घ्या. मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून पाना फिरवणारे मी पुष्कळ बघितले आहेत.

टायरमध्ये नायट्रोजन आहे. रस्त्यात पंपाने साधी हवा भरली तर चालेल का?
– एक वाचक, पंढरपूर

खुशाल भरा. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो.

टायरच्या मधोमध खिळा लागला होता. हायवेवरच्या दुकानात दोरी मारून दिली. तेव्हापासून हवा उतरलेली नाही. तरी आमचे शेजारी म्हणतात, टायर बदला. दुसरे म्हणतात, आत ट्यूब टाका. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, लातूर

दोघांचंही नको. एकच भोक, मधोमध, हवा धरून आहे, तर टायर चांगला आहे. मात्र दोरी हे टायर कंपन्यांच्या मते कायमचं काम नाही, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. दोरी बाहेरून मारतात, आत काय झालंय ते कोणी बघितलेलं नसतं. कायमचं काम म्हणजे टायर रिमवरून उतरवायचा, आतून तपासायचा आणि छत्रीसारखं रबरी मशरूम बसवायचं. त्याची दांडी भोकात भरते आणि टोपी आतल्या बाजूला चिकटते. दोरीपेक्षा महाग पडतं, वेळही जातो. गावात शाळा-बाजार करत असाल तर घाई नाही. तुळजापूरच्या पुढे लांबच्या प्रवासाला, त्यातही उन्हाळ्यात जाणार असाल तर आधी करून घ्या.

टायर उतरवला की स्वतः वाकून आत बघा. हे काम कारागिरावर सोडू नका. आतल्या भिंतीला गोल घासल्याची रेष किंवा काळी रबराची पूड दिसली तर तो टायर हवा नसताना चालवला गेलाय. बाहेरून नवा दिसला तरी त्याच्या अंगात दम राहिलेला नसतो, त्यात हवा भरणं धोक्याचं आहे. असं असेल तर शेजाऱ्यांचं ऐका. टायरच्या भिंतीवर चार आकडी खूणही बघा: 2321 असेल तर 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आणि नक्षीच्या खोबणीत लहान उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांना टेकली म्हणजे 1.6 मिलिमीटर उरली. कायद्यानेही तिथे टायर संपला. तिथे मशरूमवर पैसे घालू नका.

ट्यूब मुळीच नको. दोन रबरं एकमेकांवर घासतात, आपल्या उन्हात तापतात, आणि ट्यूब गेली की हवा एका दमात जाते. ज्या गुणासाठी ट्यूबलेस घेतला तोच घालवायचा.

मी आणि माझा मित्र जानेवारीत बुलेटवर बार्शीहून कोल्हापूरमार्गे कोकणात जाणार आहोत. तारांच्या स्पोकची चाकं आहेत. ट्यूबलेस किट घेतलंय. अजून काय लागेल?
– एक वाचक, बार्शी

दादा, ते किट परत करता आलं तर करा. स्पोकच्या चाकात ट्यूब असते आणि ट्यूबमध्ये दोरी मारता येत नाही. बाटलीतल्या द्रवाचाही तिथे भरवसा नाही. तुम्हाला पुढची आणि मागची अशा दोन नव्या ट्यूबा, टायर उचलायचे तीन लोखंडी लिव्हर, दोन्ही चाकांच्या आसाला बसणारे पाने आणि एक पंप लागेल. रस्त्यात पॅच मारत बसू नका, ट्यूब बदला आणि जुनीला मुक्कामी पॅच लावा. ट्यूबा हत्यारांच्या पिशवीत नुसत्या टाकू नका, लिव्हरच्या घर्षणाने नवी ट्यूब वापरायच्या आधीच भोकं पाडून घेते. टाल्कम पावडर लावून जुन्या कपड्यात गुंडाळा.

टायर उघडल्यावर आतून बोट फिरवून काटा शोधतात, ते करू नका. बाभळीचा काटा आत तुटून तसाच बसलेला असतो, बोटात जातो. सुती फडकं फिरवा, ते अडकतं तिथे काटा. तो न काढता नवी ट्यूब घातली तर गगनबावड्याच्या घाटात तिचंही तेच होणार. ट्यूब आत घालताना थोडी हवा भरून गोल करून घ्या, म्हणजे लिव्हरखाली चिमटत नाही. टायरची शेवटची कड रिमवर बसवताना लिव्हर टाळा, तळहाताने दाबा. व्हॉल्व्ह तिरका झाला तर हवा भरू नका, आधी टायर फिरवून सरळ करा.

गाडीला मधलं स्टँड आहे का ते आत्ताच बघा. नुसत्या बाजूच्या स्टँडवर मागचं चाक निघत नाही, बसवून घ्यावं लागेल. मागच्या चाकाला चेन, ब्रेक सगळंच गुंतलेलं असतं, त्यामुळे डिसेंबरमधल्या एखाद्या रविवारी बार्शीतल्या तुमच्या मेकॅनिकसमोर ते स्वतःच्या हाताने काढून परत बसवा. बसवताना चेनचा ताण दोन्ही बाजूंच्या खुणांवर सारखा आला का, ते त्याच्याकडून तपासून घ्या.